बोट घ्यायच्या आधी शेड मोजा

एक मेच्या ग्रामसभेत आमच्या भागातल्या दोन-तीन नदीकाठच्या गावांत बोट खरेदीचा विषय येणार आहे. म्हणून आजच लिहितोय. थोडं लांब आहे, पण कृष्णाकाठी राहत असाल तर शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. गावासाठी बोट घेताना आधी ती जागा बघा, जिथं ती वर्षातले साडेअकरा महिने पडून राहणार आहे. टेप घेऊन ती जागा मोजा. तिथं मावेल अशी लहान, अ‍ॅल्युमिनियमची, मासेमारीच्या कामाला चालणारी बोट घ्या. आणि एक मोठी घेण्यापेक्षा लहान दोन घ्या.

गेल्या महिन्यात एका गावात गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण हे त्या एकाच गावाचं दुखणं नाही. समाजमंदिराच्या मागं फायबरची अठरा फुटी बोट उघड्यावर पडली होती. आत गाळ, गाळात कडुनिंबाची रोपं. पोरांनी तिची घसरगुंडी केलेली. तळाला चीर गेलेली. इंजिन ग्रामपंचायतीच्या खोलीत, जुन्या पाणी मोटारींच्या खाली. सरपंच ताईंना विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या, "दादा, बोट आली तेव्हा सगळे फोटोला होते. ठेवायची कुठं, ते कुणी विचारलंच नाही. गावात एका बी दारातनं ती आत जात न्हाई."

हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण आपल्याकडं बोटीचा विषय गमतीचा राहिलेला नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फूट ६ इंचांवर गेलं. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. म्हणजे धोक्याच्या वर साडेबारा फूट. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. लहान मुलं आणि बायाबापड्याही त्यात होत्या. बोटीत तीसच्या आसपास माणसं होती, झेपणाऱ्या वजनापेक्षा कितीतरी जास्त. पाणी चढत होतं आणि दुसरी बोट कधी येईल याचा भरवसा नव्हता. अशा वेळी काठावरची माणसं बोटीत घुसणारच. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष आधीच्या तयारीत शोधावा लागतो, आणि तयारी उन्हाळ्यात होते.

तर बोटीत माणसं किती? अमेरिकेत १९७१ साली बोट सुरक्षेचा कायदा झाला. तेव्हापासून तिथं २० फुटांखालच्या मोटरबोटींवर किती माणसं आणि किती वजन चालेल याची पाटी लावावी लागते. पाटी नसली तर तिथले लोक एक ढोबळ हिशेब करतात. लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. येईल तेवढी माणसं, तीही संथ पाण्यात.

आपला हिशेब करून बघा. चौदा फूट लांब, पाच फूट रुंद बोट घेतली तर ७० भागिले १५, म्हणजे साडेचारच्या थोडं वर. म्हणजे चार माणसं. चालवणारा धरून. अठरा फूट लांब, सहा फूट रुंद घेतली तर १०८ भागिले १५, म्हणजे सात.

आता दोन चौदा फुटी बोटींत मिळून आठ जण बसतात आणि एका अठरा फुटीत सात. चालवणारे वजा केले तर दोन्हीकडं सहा-सहाच माणसं बाहेर निघतात. फरक एवढाच की मोठीचं इंजिन बंद पडलं तर सगळंच थांबतं. लहान दोन असतील तर एक दुसरीला ओढून आणते. गावाच्या मधून ओढा जात असेल आणि पुरात गावाचे दोन तुकडे होत असतील तर एक बोट अलीकडं ठेवा, एक पलीकडं.

त्या हिशेबात एक माणूस धरलाय ६८ किलोचा. आपल्याकडं माणूस बोटीत एकटा चढत नाही. हातात बोचकं असतं, शेळीचं पिल्लू असतं, कुणी भरलेला सिलिंडर आणतो. त्या सिलिंडरचंच वजन ३० किलोच्या आसपास भरतं. म्हणून पाटीवर चार लिहिलं तरी मनात तीनच धरायचे.

यावर लगेच प्रश्न येणार, "चार माणसांच्या बोटीनं गाव कधी रिकामं व्हायचं?"

होणार नाही. तेच तर सांगायचंय. एका फेरीत तीन माणसं, शंभर माणसं बाहेर काढायची, तर ३४ फेऱ्या. वीस मिनिटांची एक फेरी धरली तरी अकरा तासांच्या वर. बोट हे गाव रिकामं करायचं साधनच नाही. गाव रिकामं करायचं ते आयर्विनला ४० फूट लागायच्या आत, रस्ता कोरडा असताना, ट्रॅक्टर-ट्रॉलीनं आणि एसटीनं. जनावरांसकट. बोट राहते ती मागं अडकलेल्या दोन-चार घरांसाठी, डायलिसिसच्या पेशंटसाठी, दिवस भरलेल्या बाईसाठी, औषधासाठी, दुधासाठी. एवढं काम चार माणसांची बोट नेटकं करते. मोठी बोट गावात आहे म्हणून लोक घरात थांबून राहिले तर ती बोट धोक्याची झाली.

एनडीआरएफ येते, चांगलं काम करते, त्यात वाद नाही. पण त्यांचा आपल्या जवळचा तळ पुण्याकडं, मावळात सुदुंबऱ्याला आहे. आणि २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. पहिले काही तास गावाचे गावालाच काढावे लागतात.

आता जागेचं बघू.

गॅरेज म्हटलं की आपल्याला गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री आठवतो. मी बोलतोय ते घरासमोरच्या गाडी लावायच्या शेडबद्दल. आता गावोगावी अशी शेड आहेत. पोरगं पुण्याला, गाडी त्याच्याबरोबर, शेड रिकामं. एका निवृत्त गुरुजींनी स्वतःहून सांगितलंय, "माझं शेड घ्या, भाडं नको, फक्त जून ते सप्टेंबर त्यात दुसरं काही टाकू नका." असे गुरुजी बहुतेक गावांत सापडतील.

एका चारचाकीसाठी धरली जाते ती जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर. फुटांत साडेसोळा फुटांच्या आत लांबी आणि आठ फुटांच्या थोडी वर रुंदी. यात चौदा फुटी बोट जमिनीवर ठेवली तर सहज मावते, पुढं-मागं मिळून दोन-अडीच फूट उरतात. पण तीच बोट चाकांच्या ट्रेलरवर चढवली की गणित बिघडतं. ट्रेलरचा पुढचा दांडा तीन-साडेतीन फूट बाहेर येतो. मागं इंजिन वर उचलून ठेवलं तर तेही दीड-दोन फूट घेतं. चौदाचे एकोणीस होतात आणि शटर लागत नाही. मग बोट उघड्यावर राहते, आणि उघड्यावर राहिलेल्या बोटीचं काय होतं ते वर सांगितलंच.

म्हणून दुकानदार "चौदा फुटी" म्हणाला की विचारा, ट्रेलरसकट किती, इंजिनासकट किती, सगळ्यात रुंद जागी किती. दुमडणाऱ्या दांड्याचे ट्रेलर मिळतात, त्यात जागा वाचते. पण माझं मत विचाराल तर आपल्याकडं ट्रेलरची गरजच नाही. ऊसपट्टा आहे, दारोदार ट्रॅक्टर आहे. अ‍ॅल्युमिनियमची बारा-चौदा फुटी बोट पत्र्याच्या जाडीप्रमाणे ६० ते १२० किलोच्या आसपास भरते. इंजिन वेगळं काढलं की सहा जण मिळून उचलून ट्रॉलीत ठेवतात. मागचं फाळकं पाडून, दोर बांधून ट्रॉली पाण्याच्या कडेपर्यंत न्यायची. जी बोट गावातली माणसं क्रेनशिवाय उचलू शकत नाहीत ती घेऊ नका.

आणखी एक गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. शेड पूररेषेच्या वर पाहिजे. २०१९ चं पाणी कुठंपर्यंत आलं याच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. शेड त्या खुणेच्या खाली असेल तर पाणी आल्यावर बोट आतच तरंगते, छताला लागते आणि शटर उघडत नाही. किल्ली तिघांकडं ठेवा. एकट्या ग्रामसेवकाकडं असेल आणि ते तालुक्याला मीटिंगला गेले असतील तर कुलूप तोडण्यात अर्धा तास जातो.

अ‍ॅल्युमिनियमच का?

आपल्याकडं जुने लोक पुरात गुऱ्हाळाची काईल काढायचे, ट्यूब बांधायचे. भोई बांधवांच्या पत्र्याच्या होड्या आहेत. लोखंडी पत्रा मजबूत खरा, पण अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड, आणि गंज धरतो. फायबर दिसायला छान, नदीत चालतंही छान, पण पुरात बोट नदीत कमी आणि गल्लीत जास्त चालते. खाली बुडालेली कंपाउंड भिंत, ट्रॅक्टरचा नांगर, लोखंडी फाटक. त्यावर आदळलं की फायबरला चीर पडते. रबरी बोट हलकी असते, घडी होते, पण काटेरी तार, बाभळीचा काटा आणि फाटक्या पत्र्याची धार तिला सोसत नाही. शेडमध्ये घडी घालून ठेवली तर उंदीर आहेतच. एनडीआरएफच्या जवानांना ती सांभाळायचं शिक्षण असतं, गावाला नसतं.

अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो, पण सहसा भोक पडत नाही. पडलंच तर आर्गॉन वेल्डिंगवाला पलूस एमआयडीसीत मिळतो. घेताना पाण्याच्या कामासाठीचा मिश्रधातू आहे का, ते विचारा. बिलावर ५०५२ किंवा ५०८३ असा नंबर लिहून घ्या. रिव्हेटवर जोडलेली बोट स्वस्त पडते, पण धक्के खाऊन काही वर्षांनी रिव्हेट ढिले होतात आणि पाणी झिरपतं. जमत असेल तर वेल्डिंगची घ्या.

आकार सपाट तळाचा घ्या. सपाट तळ गुडघाभर पाण्यात चालतो आणि माणूस चढताना कमी डुलतो. पण त्याची एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. वारा आणि लाटा त्याला झेपत नाहीत. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. तेव्हा मुख्य धारेत किंवा वारं सुटल्यावर उघड्या पाण्यात ही बोट घालायची नाही. गल्ली, शेत, गावठाण, एवढीच तिची हद्द.

आता एक परीक्षा सांगतो. बिल देण्याआधी ही घ्याच. अ‍ॅल्युमिनियमची बोट आतून पाण्यानं भरली तर ती बुडते. तरंगते ती आसनांखाली भरलेल्या फोममुळं. हा फोम आहे का, ते वरून दिसत नाही. म्हणून मे महिन्यात घाटावर बोट पाण्यात उतरवा, इंजिनाच्या वजनाएवढी वाळूची पोती मागं ठेवा, आणि बादल्यांनी काठोकाठ भरा. भरूनही ती तरंगत राहिली तर घ्या. बुडली तर ट्रॉलीत घालून परत पाठवा. गावासमोर करा हे.

इंजिन आठ-दहा हॉर्सपॉवरचं पुरतं. फोर-स्ट्रोक असेल तर वजन ४० किलोच्या आसपास. त्याच्या शाफ्टची लांबी बोटीच्या मागच्या फळीच्या उंचीला जुळते का, बघा. १५ इंची आणि २० इंची असे प्रकार येतात. चुकीचा घेतला तर पंखा एक तर हवेत फिरतो, नाहीतर खाली घासतो. आणि वल्ही हवीतच, चार. पुराच्या पाण्यात उसाचं पाचट, ठिबकच्या नळ्या, साड्या, दोऱ्या सगळं वाहत असतं. पंख्यात अडकलं की इंजिन बंद. मग वल्ही आणि बांबूच कामाला येतात.

विजेचं विसरू नका. अ‍ॅल्युमिनियममधून करंट जातो. पाणी दहा फूट चढलं की बोटीतला माणूसही दहा फूट वर गेलेला असतो, वरच्या तारा हाताशी येतात. फीडर बंद झाल्याचा निरोप वायरमनकडून आल्याशिवाय बोट सुटता कामा नये.

शेडमध्ये ठेवताना बोट ओल्या कोब्यावर ठेवू नका, सिमेंटचा ओलावा अ‍ॅल्युमिनियम खातो. लाकडी ओंडके आणि त्यावर जुन्या टायरचे तुकडे, पुरे झालं. इंजिन काढून स्टँडवर उभं ठेवा, आडवं टाकलं तर ऑइल नको तिथं जातं. आणि पेट्रोल शेडमध्ये साठवू नका. इथेनॉलचं पेट्रोल पडून राहिलं की ओल धरतं, इंजिन ऐनवेळी सुरू होत नाही.

आणि आता ही बोट मासेमारीची का असावी, ते.

शेडमध्ये जपून ठेवलेली बोटसुद्धा चार वर्षं पाण्यात गेली नाही तर ती नुसती वस्तू होते. २००५ नंतर २०१९ आलं, मध्ये चौदा वर्षं. मग लगेच २०२१. पुढचा कधी, नदीला विचारून उपयोग नाही. बोट वापरातच असली पाहिजे. आणि वापरणारी माणसं गावात आहेत. भोई समाजातली, वर्षभर पाण्यात असणारी, कुठं भोवरा आहे, कुठं मगर बसते, हे डोळे मिटून सांगणारी.

त्यातल्याच एका जुन्या मच्छीमार मामांशी बोललो. म्हटलं, "मामा, बोट तुमच्याकडं दिली तर?"

ते म्हणाले, "पत्रकार, खरं सांगू का? पूर आला की सगळ्यांस्नी आमचं घर सापडतंय. 'मामा चला, मामा चला' करत्यात. पाणी उतरलं की आम्ही कोण आन् तुम्ही कोण. बोट द्या, वरीसभर राखतो. माशालाबी वापरतो. पर आमच्या पोरांचा विमा काढा आधी."

याला उत्तर नव्हतं माझ्याकडं. पुरात सगळ्यात आधी पाण्यात उतरणारा माणूस त्याच्या मुलांसाठी मागं काय ठेवून उतरतो, हे आपण कधी विचारलेलं नाही. सत्काराची शाल देतो आणि मोकळे होतो.

म्हणून ठरावात हे लिहून घ्या. बोट ग्रामपंचायतीची, राखणार मच्छीमार. जून लागला की इंजिन सर्व्हिस करून बोट शेडमध्ये. चालवणाऱ्या चौघांची नावं, त्यांचा विमा, त्यांची रोजची मजुरी. लाइफ जॅकेट आसनांपेक्षा दोन जास्त, त्यात मुलांच्या मापाचीही. बोटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर अक्षरात "फक्त ४ माणसं". आणि इंजिनाची बोट म्हणजे २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे नोंदणी आणि तपासणी आली. ती झाल्याशिवाय बिल काढू नका.

"फक्त ४" लिहून माणसं ऐकतील का? पाणी उंबऱ्याला लागल्यावर नाही ऐकणार. आधीपासून सवय असेल तर ऐकतील. मेच्या सुट्टीत एक रविवार काढा, शाळेच्या पोरांपासून आजींपर्यंत सगळ्यांना चार-चार करून बोटीत बसवा. उभं राहिलं की ती कशी डुलते ते त्यांना कळू दे. पाचवा चढला की काठ पाण्यापासून किती बोटं उरतो ते बघू दे. एकदा बघितलेलं माणूस विसरत नाही.

एक मेला ग्रामसभेत हात वर करून एवढे तीनच प्रश्न विचारा. ही बोट कुठल्या शेडमध्ये मावणार? किल्ली कुणाकडं? चालवणाऱ्याचा विमा काढलाय का?

तिन्हींची उत्तरं मिळाली तर ठरावाला सही करा. आणि तुमच्या गावात आधीची बोट असेल तर आज संध्याकाळी एकदा जाऊन बघून या. कुठं आहे, कशी आहे, मला कळवा. चांगली ठेवली असेल तर तेही कळवा, गावाच्या नावासकट छापतो.